नाडीच्या गाठी

यशोदा गेली तेव्हा बायका म्हणाल्या, भाग्याची गं, कुंकू घेऊन गेली. कुंडलिकच्या तोंडावर म्हणाल्या! कसलं डोंबलाचं भाग्य? अंडाशयाचा कॅन्सर पोटभर पसरला होता, शेवटी शेवटी पाण्याचा घोट घशाखाली उतरत नव्हता. पण नवऱ्याच्या आधी मेली की बाईनं काहीतरी पराक्रम केला, असं बोलायची आपल्याकडं रीतच आहे. कुंडलिकनं खाली मान घालून ऐकून घेतलं.

दुसरं काय करणार? चूक आपली, हे त्याच्या मनानं घेतलेलं. चिंचोळीच्या कारखान्यातनं शिफ्ट संपवून तो सोलापुरातल्या खोलीवर यायचा, ताटावर बसायचा. समोर यशोदा चतकोर भाकरी मोडून हात धुवायची. "पोट भरलं बघा," म्हणायची. पोट तर पुढं आलेलं. हा म्हणायचा, "चोरून खातीस व्हय गं? का म्हातारपणी पाळणा हलवायचा इचार हाय?" ती हसायची आणि ओवा चावायची. सहा महिने ओवाच चावला. ती हसते म्हणून यालाही वाटायचं, आपण लई इनोदी.

ती गेल्यावर वाटून टाकायला तिचे परकर काढले, तेव्हा डोळे उघडले. प्रत्येक नाडीला जोड दिलेला. एकीला एक गाठ, दुसरीला दोन, शेवटच्या परकराला तीन. पोट वाढेल तशी बाईनं नाडी वाढवत नेली होती आणि तोंडातनं ब्र काढला नव्हता. तो तीन गाठींचा परकर त्यानं कुणाला दिला नाही.

यंदा अविधवा नवमीला यशोदाच्या नावानं सवाष्ण जेवू घालायची होती. चुलती केराबाई म्हणाली, "पाठची भैन असताना दुसरी कशाला?" म्हणून वळसंगहून गोजा आली. तिला पाटावर बसवलं, ओटी भरली, पुरणपोळीवर तुपाची धार धरली. गोजा खाणारी. आक्काच्या लग्नात सात पोळ्या हाणल्या, म्हणून तिला अजून चिडवायचे. आज अर्ध्या पोळीवरच तिचा हात थांबला.

"दाजी, पोट भरलं बघा."

कुंडलिकच्या हातातली तुपाची वाटी कलंडली. तेच शब्द, तोच सूर.

"गोजे, परकराच्या नाडीला जोड दिलायस का?"

शेजारणींतली एक फिस्सकन हसली. केराबाई कडाडली, "आरं मेल्या, मेव्हणीची चेष्टा कवा करावी तेबी कळंना व्हय? सवाष्ण जेवतीया! यशोदाच्या जागी बसलीया ती!"

"म्हणूनच इचारतोय की, काकी."

त्याची कानशिलं तापली होती. मेलेल्या बायकोच्या नावाचं ताट, आणि हा मेव्हणीचा परकर विचारतोय. उद्या वळसंगात पाऊल टाकायची सोय उरणार नव्हती. गप्प बसावं, असं त्यालाही वाटलं. पण गप्प बसून काय होतं, ते त्याच्या ट्रंकेत घडी घालून ठेवलेलं होतं. तो गोजाच्या पुढं खालीच बसला.

"चेष्टा न्हाय गं. चेष्टा तुझ्या आक्काची केली, तेवढी बास झाली. सांग."

गोजानं पदर पोटावर ओढून घेतला.

"दोन गाठी हायत, दाजी."

आता कुणी हसलं नाही.

"ऊठ," कुंडलिक म्हणाला. "सात रस्त्याचा दवाखाना अजून उघडा आसंल."

"आरं, अर्ध्या ताटावरनं सवाष्ण उठवू नी!" केराबाईचा आवाज रडवेला झाला. "यशोदाला पोचायचं न्हाय!"

कुंडलिकनं गोजाचा हात धरून तिला उठवलं. तिची बोटं अजून तुपानं माखलेली होती.

"यशोदा रोज अर्ध्या ताटावरनं उठत हुती, काकी. मी बसून हसत हुतो."