पांढरी करंगळी

डॉक्टरीणबाईंनी मुलीचे दोन्ही हात उलटेसुलटे करून पाहिले. डावा गुलाबी होता. उजव्याची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट मात्र पांढरंफटक, करंगळीच्या टोकाला काळी खपली.

"थंडी बाधते हिला," आई म्हणाली. "पहिल्यापासूनच नाजूक."

"थंडी काय एकाच हाताला बाधते?"

दाराशी उभा असलेला बाप हसला. "औषध लिहा बाई. आम्ही काय आरोपीच्या पिंजऱ्यात आहोत?"

बाईंनी मुलीला मूठ आवळायला सांगून मनगटाच्या दोन्ही रक्तवाहिन्या अंगठ्यांनी दाबून धरल्या. "आता उघड." तळवा पांढरा पडला होता. अंगठ्याकडची वाहिनी सोडताच लाली सरसरत आली. पुन्हा दोन्ही दाबून त्यांनी करंगळीकडची सोडली. तळवा मढ्यासारखा तसाच राहिला.

"वाहिनी बंद पडलीये. मार बसून बसून. तळहाताच्या या कडेनं काय ठोकतेस, बाळा?"

"व्हॉलीबॉल," आई घाईघाईनं म्हणाली.

मुलीनं चेंडूला कधी हात लावला नव्हता. बाप कामावरून आला, की तिला आतल्या खोलीत कोंडून कडी लावायचा आणि बाहेर आईला धरायचा. आधी पट्टा, मग लाथा, मग भिंतीवर डोकं. आई दातांत पदर धरून मार खायची. हूं की चूं नाही. म्हणून मग मुलगीच दार बडवायची. शेजारच्यांची खिडकी करकरेपर्यंत बडवायची. खिडकी उघडली, की बापाचा हात थांबायचा. आईला वाटायचं, पोर भेदरून बडवतेय.

"हे असंच चाललं तर करंगळी कापावी लागेल," बाई म्हणाल्या.

"कापा मग," मुलगी म्हणाली. "मी दार बडवलं नाही, तर बाबा आईला जिवंत सोडणार नाहीत."

बापानं दोन ढांगांत येऊन तिचे केस मुठीत धरले आणि तिला स्टुलावरून खेचलं. कपाळ टेबलाच्या कडेवर आदळलं. "वाचा फुटली का गं तुला?" त्यानं पुन्हा डोकं आपटलं. रक्त भुवईवरून डोळ्यात उतरलं.

आईनं टेबलावरचं रक्तदाबाचं जड यंत्र उचललं आणि त्याच्या मनगटावर घातलं. हाड वाजलं. मूठ सुटली. तो कळवळून वाकला, तशी तिनं सगळ्या अंगानिशी धडक देऊन त्याला उंबऱ्याबाहेर, नंबर लावून बसलेल्या पेशंटांपुढे लोटलं आणि आतून कडी घातली. बाईंनी फोन उचलला होता.

बाहेरून लाथा बसू लागल्या. दार चौकटीसकट हादरत होतं. मुलगी धडपडत उठली. तिचा उजवा हात सवयीनं दारावर पडायला वर गेला. आईनं तो वरच्यावर झेलला.

"नको, राणी. ऐकतायत सगळे."

आणि ती गार बोटं तिनं स्वतःच्या काखेत घट्ट दाबून धरली.