एकसष्ट पूर्णांक चार

दुकानाच्या आवारात खडकाळ रानात चालवायच्या नऊ गाड्या होत्या. सहा दोन सीटच्या, तीन चार सीटच्या. सगळ्यांना वर लोखंडी पिंजरा, खाली पोटऱ्यांपर्यंत येणारे जाड टायर, आणि दरवाजाच्या जागी अर्धी फळी. नंदकुमारांनी त्या दोनदा मोजल्या, कारण एकदा मोजलेल्या गोष्टीवर त्यांचा विश्वास नसे. कॅनडातल्या हॅमिल्टनच्या पोलाद कारखान्यात एकतीस वर्षं तपासनीस म्हणून काढली होती. पत्र्याची जाडी केसाएवढी चुकली तरी ते गुंडाळी परत पाठवायचे.

हातात कापडी पिशवी होती. पिशवीत स्टीलचा पेला, पाण्याची बाटली आणि स्वयंपाकघरातला मापाचा कप.

"अंकल, आप तो पूरा लॅब लेके आए!" विक्रेता चिराग हसला.

"लॅबच आहे ते," त्यांचा मुलगा मिलिंद म्हणाला. "आमचं बालपण त्याच लॅबमध्ये गेलंय."

जूनमध्ये मिलिंद आणि त्याचा मित्र अनिश गाडी ट्रेलरवर घालून युटाच्या वाळवंटात जाणार होते. आठ दिवस, रोज शंभर किलोमीटर, दगड आणि वाळू. नंदकुमारांना बरोबर जायचं होतं. येत्या नोव्हेंबरात त्यांच्या कण्याचं ऑपरेशन ठरलं होतं, आणि डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, त्यानंतर असल्या गाडीत बसायचं नाही. कधीच नाही. त्यांनी घरी हे काढलं, तेव्हा मिलिंद फोनवरून नजर न काढता म्हणाला होता, "आधी आरामाची गाडी कुठली ते मोजून काढू या. मग बघू."

नंदकुमारांनी ती अट समजून घेतली होती. कुणालाही न विचारता त्यांनी आकडासुद्धा ठरवला होता. पेल्यात दोनशे मिलिलिटर पाणी. एका फेरीनंतर शंभर उरलं, तर कंबर टिकेल. कमरेला बांधायची फळीची उशीही मागवून ठेवली होती.

दुकानामागे खडीचा गोल रस्ता होता, चारशे मीटरचा, मध्ये बारा उंचवटे. चिरागने आधी त्यांना वजनकाट्यावर उभं केलं. एकसष्ट पूर्णांक चार किलो.

पहिली दोन सीटची, लाल, मिलिंदच्या मनात भरलेली. मिलिंद चालवत होता, नंदकुमार शेजारी पेला धरून. परत आले तेव्हा सदरा छातीपर्यंत भिजलेला. पाणी उरलं बावीस.

"बाबा, हात थरथरतोय तुमचा."

"हात नाही. चाकाची चाल कमी आहे. उंचवटा चाकाने गिळायला हवा, इथे तो सीटपर्यंत येतोय."

दुसरी शेतकामाची, मागे हौदा असलेली. अकरा. उतरताना त्यांना पिंजऱ्याचा दांडा धरून मिनिटभर उभं राहावं लागलं. "बास करू या?" मिलिंदने विचारलं. नंदकुमारांनी पेला पुन्हा भरला.

तिसरी चार सीटची, राखाडी, लांब. ते मुद्दाम मागे बसले.

"पुढे बसा ना."

"पुढे अनिश बसेल. मागे धक्का जास्त. मोजायचं ते वाईट जागी मोजावं."

उरलं एक्क्याण्णव. नंदकुमार खाली वाकून स्प्रिंगा बघत राहिले. मग चिरागला म्हणाले, मागच्या स्प्रिंगा ढिल्या कर, त्या दोन जाड माणसांसाठी लावल्यात. मी एकटा आहे, एकसष्ट पूर्णांक चार. चिरागने पाना आणला. वीस मिनिटं गेली. ते पुन्हा बसले. बारा उंचवटे गेले. कमरेतून डाव्या पायात कळ उतरत होती, पण ती काही मोजायची नव्हती.

त्यांनी पाणी कपात ओतलं आणि कप डोळ्यांच्या रेषेत धरला. एकशे सत्तेचाळीस.

"हीच," ते म्हणाले. आवाज जरा चढलाच. "शंभर पुरे होते. एकशे सत्तेचाळीस!"

"हीच," मिलिंदही म्हणाला. "चिराग, कागद काढ. थँक्स बाबा. आम्ही ती लाल घेऊन पस्तावलो असतो."

"मग मी माझ्या गोळ्या आठ दिवसांच्या भरून घेतो."

मिलिंदने पेला उचलला, उलटा करून झटकला. "बाबा, आठवतं? मी नऊ वर्षांचा. हाच पेला. बेसमेंटच्या तेरा पायऱ्या चढून एक थेंब न सांडता आणला, तर हॉकीला जायला मिळेल असं मला वाटलं होतं."

नंदकुमारांना आठवत होतं. थेंब सांडला नव्हता.

"तुम्ही म्हणालात, 'पेला नेता येतो का ते बघायचं होतं. पाठवतो म्हणालो होतो का?'" मिलिंदने पेला पिशवीत ठेवला. "मला आरामाची गाडी कुठली ते बघायचं होतं. नेतो म्हणालो होतो का?"

चिराग कागद आणायला आत गेला आणि बराच वेळ आला नाही.

जूनच्या दहा तारखेला सकाळी ट्रेलर दारात लागला. अनिश पुढच्या सीटवर बसून फोटो काढत होता. मिलिंदने घरात हाक मारली, "बाबा, वजनकाटा आणता का? स्प्रिंगा तुमच्या वजनाला लावल्यात. मागे नेमकं तेवढंच सामान पाहिजे, नाहीतर गाडी उडेल. You know this stuff."

नंदकुमारांनी बाथरूममधला काटा आणला, ड्राइव्हवेवर सपाट जागा शोधली. कूलर चोवीस पूर्णांक सहा. पाण्याचे दोन कॅन, प्रत्येकी चौदा पूर्णांक आठ. तंबू पाच पूर्णांक नऊ. त्यांनी पाकिटाच्या पाठीवर बेरीज केली.

"एक पूर्णांक तीन कमी आहे."

"द्या ना काहीतरी घरातलं."

ते आत गेले. फळीची उशी अजून खोक्यातच होती. खोकं काढून त्यांनी उशी काट्यावर ठेवली, वाकून आकडा वाचला, पाकिटावर लिहिला आणि पुन्हा बेरीज केली. मग दुसऱ्यांदा केली.

एकसष्ट पूर्णांक चार किलो.