मुरब्याच्या जाळ्याचा धागा

मी एक धागा बोलतोय. पांढरा, मऊ, चकचकीत. पण माझ्या रूपावर जाऊ नका. परवापर्यंत मी मुरबे गावच्या किनाऱ्यावरचं जुनं सुती जाळं होतो.

मला काशीबाईने विणलं. दोन पावसाळे ओटीवर बसून हजारो गाठी मारल्या तिने. तिचा नवरा मला समुद्रात टाकायचा आणि मी कोळंबी, बोंबील भरभरून आणायचो. फाटलो की काशीबाई सांधायची, वर दोन शिव्या द्यायची. त्या शिव्याही मला गोड लागायच्या, खोटं कशाला बोलू?

मग गावात नायलॉन आलं. ते कुजत नाही म्हणे! चौसष्ट साली मला कुडाशी टाकून दिलं आणि माझ्यावर कोंबड्या अंडी घालू लागल्या. गरज सरो नि वैद्य मरो, दुसरं काय! आता इथेच कुजणार, ही भीती मला खाऊ लागली.

वाचवलं ते काशीबाईच्या मुलाने, कृष्णकांताने. तो बोईसरला एका छोट्या कारखान्यात होता. जुनं सूत विरघळवून नवा धागा काढायचा त्याने ध्यास घेतला होता. माझे तुकडे त्याने कॉस्टिक सोड्यात उकळले, मग मोरचूद आणि अमोनियाच्या गडद निळ्या पाण्यात टाकले. सूत विरघळलं, पण घट्ट गाठी तशाच राहिल्या. ज्यातून धागा बाहेर पडायचा, ती बारीक भोकांची झारी दोनदा तुंबली.

मालक म्हणाले, "शनिवारी धागा निघाला नाही, तर हा खेळ बंद."

कृष्णकांत घरी येऊन माझा उरलेला भाग भिजवून गाठी सोडत बसला. नखं दुखली, पण एकही गाठ सुटेना.

"ओली गाठ कदी सुटते का रं?" काशीबाई हसली. "शिकला, पन जाळं इसरला! आदी उनात वाळव."

दोन दिवस मी कडकडीत वाळलो. मग तिने गाठी मोगरीने ठोकून सैल केल्या आणि दाभणाने एकेक उकलली. आपणच मारलेल्या गाठी सोडताना तिचे डोळे भरले.

"यानं पोसलंय आपल्याला," एवढंच ती म्हणाली.

शनिवारी निळ्या पाण्यात उतरताना मी फार घाबरलो. हळूहळू विरघळलो. मी उरणार की नाही, तेच कळेना. पण झारीतून बाहेर पडलो, आम्लात निळा रंग धुतला गेला आणि मी न तुटता चाकावर गुंडाळला जाऊ लागलो.  कृष्णकांताचा जीव भांड्यात पडला, आणि माझाही!

संध्याकाळी त्याने माझी लडी आईच्या हातात दिली. तिची बोटं सवयीने वळली आणि तिने गाठ मारली.

"आये, तुटेल!"

तिने गाठ ओढून पाहिली. मी टिकलो.

"आपलंच हाय ह्ये," ती म्हणाली.

आता माझं खुशाल काहीही विणा. फक्त ती एक गाठ तेवढी सोडू नका.