ॲम्प्लिफायरचं स्वतंत्र अर्थिंग

जावयांनी ॲम्प्लिफायरसाठी अंगणात खड्डा खणून घेतला, तेव्हाच मी मुलीला म्हटलं, "आता त्याला न्हाऊ-माखू घालायचं तेवढं राहिलं."

मुलगी हसली नाही. मातीची घमेली तिलाच उचलायची होती.

खड्ड्यात कोळसा, मीठ आणि तांब्याची लांब कांब पुरली. मीटरपासून माझ्या अंगठ्याएवढी जाड वायर सरळ आत आणली. घरच्या फ्रिज-मिक्सरची घाण गाण्यात उतरू नये म्हणे. माणसं ज्या लाइनवर जगतात, त्या लाइनवर ॲम्प्लिफायरला जगवत नव्हतं.

मला त्यांच्या गाण्यांचं सोयरसुतक नव्हतं. मला हवी होती माझी टेप. आमच्या ह्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, आणि बत्तीस वर्षं मी त्यांच्या शेजारी बसून कॉइल गुंडाळल्या. एका दुपारी त्यांनी दुरुस्त केलेलं स्पूलचं टेप-मशीन तपासायला थोडं रेकॉर्डिंग केलं, तेवढाच त्यांचा आवाज शिल्लक आहे. टेप इतकी जुनी, की बोट लावलं तरी तपकिरी भुकटी हाताला लागते. फार तर एकदा वाजेल. त्या एकदातच कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायची, असं जावयांनी कबूल केलं होतं.

ह्यांचं स्पूलचं मशीन समोरच्या भिंतीशी ठेवलं, तिथल्या जुन्या सॉकेटला लावलं आणि वायरीने ॲम्प्लिफायरला जोडलं. टेप न चढवताच दोन्ही स्पीकर घुमायला लागले. घूंऽऽ. बंद खोलीत गांधीलमाशी शिरावी तसं.

"तुमचं मशीन म्हातारं झालंय, आई," जावई म्हणाले.

"मशीनपेक्षा मी म्हातारी आहे. मी घुमते का?"

मग ॲम्प्लिफायर घेतलेल्या दुकानातून तज्ज्ञ आले. त्यांनी डोळे मिटले, मान तिरकी केली आणि निदान केलं, "करंट मळका आहे. रात्री ऐका, रात्री शुद्ध असतो." जणू करंट दिवसभर चिखलात राबतो आणि संध्याकाळी आंघोळ करून येतो. जाताना ते करंट धुणारा एक जड डबा देऊन गेले. तो लावल्यावर तीच घूं, फक्त जास्त स्वच्छ ऐकू यायला लागली.

दुसऱ्या दिवशी पाहते तर जावई पक्कड घेऊन ह्यांच्या मशीनचा प्लग हातात धरून बसलेले.

"काय करताय?"

"अर्थिंगची पिन काढतोय. तज्ज्ञ म्हणाले, लगेच थांबेल."

"थांबेल. आणि उद्या आतली वायर पत्र्याला टेकली, की हात लावणाराही थांबेल. तो प्लग ह्यांनी बसवलाय. पिन काढून मागणाऱ्या गिऱ्हाइकाला ते दुकानाची पायरी दाखवायचे. तुम्ही जावई आहात म्हणून खुर्ची देते. बसा."

ते बसले. मी ॲम्प्लिफायरकडे जाणारी वायर मशीनमधून उपटली. शांत. परत खुपसली. घूं. ह्यांची हीच पद्धत होती, एकेक सोडवत जायचं आणि कान द्यायचा. डोळे मिटायची गरज पडत नसे.

"मशीनही बरं आहे, करंटही बरा आहे," मी म्हटलं. "एकाचं अर्थिंग घराचं, दुसऱ्याचं तुमच्या खड्ड्यातलं. दोन्हींच्या व्होल्टेजमध्ये जरा फरक आहे, आणि मधल्या वायरीतून तोच फरक घूं करत वाहतो. दोघांना एका बोर्डावर आणा."

"पण मग तो खड्डा?"

"त्यात काहीतरी लावा."

माळ्यावरून ह्यांचा लाकडी एक्स्टेन्शन बोर्ड काढला. तो पाहून जावयांचं तोंड उतरलं. "ह्याने आवाजाची खोली जाईल हो, आई."

"जाऊ द्या. खोली अंगणात आहे की."

मुलगी आता हसली. बोर्ड घराच्या सॉकेटला, बोर्डावर मशीन आणि ॲम्प्लिफायर. स्विच दाबला. स्पीकर इतके गप्प, की भिंतीवरचं घड्याळ ऐकू आलं.

मीच टेप चढवली. मुलीने कॉम्प्युटरवर रेकॉर्डिंग सुरू केलं. चाकं फिरली, भुकटी झडायला लागली, आणि आवाज आला, "अगं, मीटर दे. तो नव्हे, दुसरा."

मग माझा आवाज, चिरका, तरणा, "दोनच हात आहेत मला."

"मग दोन्हींनी दे."

तेवढ्यात खटका वाजला आणि घूंऽऽ. जावई ताडकन उठले. "आली! आई, आली बघा!" त्यांचा हात मशीनच्या स्विचकडे गेला. मी त्या हातावर चापट मारली. एवढ्या वर्षांत जावयाला बोट लावलं नव्हतं.

"हात काढा. ती टेपमधली आहे. खटका ऐकला नाहीत? त्यांनी टेबलावरचा मोठा ट्रान्सफॉर्मर सुरू केलाय. बत्तीस वर्षं ती घूं ऐकत मी जेवलेय."

जावई हात चोळत खाली बसले. ट्रान्सफॉर्मर घुमत राहिला. टेपवर त्या घूंमधूनच हे स्वतःशी पुटपुटत होते, कुठलातरी स्क्रू सापडत नव्हता. मग म्हणाले, "झालं का गं? बंद कर."

खट्.

त्या दुपारी बंद मीच केलं होतं. मशीनखाली चिमूटभर भुकटी पडली होती. मुलीने कॉपी उतरल्याचं मानेनेच सांगितलं.

"ती घूं काढून टाकता येते हं, आई," जावई हळूच म्हणाले. "एक सॉफ्टवेअर आहे."

"पक्कड कुठे ठेवलीत?" मी विचारलं. "आधी ती माझ्याकडे द्या."