टक्करयादीतलं शून्य

बोंग साहेबांनी फळ्यावर भलंमोठं शून्य काढलं आणि बैठकीत टाळ्या पडल्या. शिम एराननेही वाजवल्या, पण मनातून तिला ते काही पटलं नाही.

कोरियातल्या कोजे बेटावरच्या त्या जहाज कारखान्यात सकाळच्या बैठकीत रोज एक आकडा सांगायची पद्धत होती. जहाजाच्या टाकीत रंगकाम चालू असताना त्याच टाकीपाशी त्याच दिवशी कुणाचं वेल्डिंग किंवा गॅसकटिंग येतंय का, याची यादी एरान शेड्यूलमधून काढायची. तिला सगळे टक्करयादी म्हणत. कोंडलेल्या रंगाच्या वाफेला एक ठिणगी पुरते, हे तिथे कुणाला शिकवावं लागत नव्हतं. यादीत रोज पाच-सात ओळी निघत. मग कुणाचं तरी काम पुढे ढकललं जाई, कुणीतरी चिडे, शिव्या घाली, आणि दिवस सुखरूप पार पडे. नऊ वर्षं एरान ती यादी काढत होती. शून्य एकदाही आलं नव्हतं.

"पहिल्याच दिवशी शून्य!" बोंग साहेब हात चोळत म्हणाले. "याला म्हणतात नियोजन. आधीचे साहेब रोज इथे भांडणं सोडवत बसायचे म्हणे."

आधीचे साहेब म्हणजे प्यो दकसाम. वर्षअखेरीच्या नेमणुकांचा कागद शुक्रवारी दुपारी लागला आणि संध्याकाळपर्यंत त्यांची खुर्ची प्रशिक्षण केंद्रात गेली. हेल्मेटचा पट्टा कसा बांधायचा, हे नव्या लोकांना दाखवायचं काम त्यांना मिळालं. माणसाला घरी न बसवता घरी बसवायचं, ही कला त्या कारखान्याला चांगली साधली होती. बोंग साहेब सोलच्या मुख्य कार्यालयातून आले, कडक इस्त्रीचं जॅकेट घालून. आल्या आल्या त्यांनी दोन हुकूम सोडले. शेड्यूलमध्ये माझ्या नावाची नवी शाखा उघडा आणि जहाजाचा प्रोजेक्ट सोमवारच्या बैठकीआधी तिच्यात हलवा, हा पहिला. दुसरा, पडद्यावर आगीच्या कामाला लाल आणि रंगाच्या कामाला निळा, ते पट्टे बंद करा, बालवाडी आहे का ही?

एरानने सकाळी प्रोजेक्ट हलवला. मध्ये पडद्यावर एक लांबलचक सूचना आली होती, पण साहेब खुर्चीमागे उभे राहून घड्याळ बघत होते. तिने अर्धी वाचली आणि 'होय' दाबलं. नंतर तपासलं तर तारखा तिथल्या तिथे होत्या. कामांच्या ओळीही चार हजार तीनशे बारा, एक कमी नाही की एक जास्त नाही. मग टक्करयादी काढली. ती कोरी निघाली.

बैठक संपली तरी तिच्या जिवाला चैन पडेना. कागदी कपातली गोड कॉफी निवून गेली. तिने ड्रॉइंग उघडलं, बंद केलं. दोनदा हात धुऊन आली. शेजारच्याने विचारलं, "काय झालंय?" ती म्हणाली, "काही नाही." आणि खरंच, काय झालंय ते तिला सांगता आलं नसतं. बारा वाजायला आले तेव्हा तिला आठवलं, की शनिवारच्या यादीत आजच्या तारखेला चार नंबरच्या टाकीची टक्कर दिसत होती. ती आज सकाळी बोलून सोडवायची ठरली होती. मग ती सोडवली कुणी?

तिने ती ओळ उघडली. 'आग की रंग' हा कोडचा रकाना रिकामा होता. खालची ओळ, तिच्या खालची, सरळ शेवटपर्यंत सगळे रकाने रिकामे. यादी कोरी निघणारच. ज्या खुणा बघून ती टकरा शोधायची, त्या खुणाच उरल्या नव्हत्या. तिने प्यो साहेबांना फोन लावला.

"साहेब, टक्करयादी शून्य आली."

"मग आधी यादी कुठे हरवली ते शोध," प्यो साहेब म्हणाले.

"सापडलं. मी प्रोजेक्ट नव्या शाखेत हलवला."

"अगं, ते कोड माझ्या शाखेचे होते. कंपनीभरचे करायचे तर सोलची परवानगी, तीन फॉर्म. म्हटलं कोण त्या भानगडीत पडतंय, शाखेतच करून टाकू. हलवायच्या आधी ते प्रोजेक्टचे स्वतःचे करून घ्यायचे असतात, म्हणजे सोबत जातात. नाहीतर भाड्याच्या घरातल्या भिंतीतल्या कपाटासारखं. आपण सामान घेऊन निघतो, कपाट तिथेच राहतं."

"तुम्ही कधी बोलला नाहीत."

"नाही बोललो. मला काय माहीत, मलाच हलवतील? शनिवारची प्रत आहे ना? ती जुन्या शाखेत घाल, कोड प्रोजेक्टचे कर, मग हलव. दोन-अडीच तासांचं काम आहे."

"एकला चार नंबरवर बेक मुकादमांचे कटर लागणार आहेत, साहेब."

"आणि आत कोण?"

"माल्जा मावशी आणि तिच्या बायका, रंग मारतायत."

"मग मला कसला फोन करतेस, बये! पळ!"

कँटीनमध्ये बोंग साहेब संचालकांसमोर बसून बांगड्याचे काटे काढत होते. एरानने वाकून, आवाज खाली ठेवून सगळं सांगितलं. साहेबांच्या चॉपस्टिक थांबल्या नाहीत.

"यादी तुम्हीच काढलीत ना, शिम बाई?"

"हो. चूक माझी आहे. पण एकच्या आत काम थांबवायला हवं."

"मी आत्ताच यांना शून्य सांगितलंय." त्यांनी संचालकांकडे बघून हसून घेतलं. "आधी नीट यादी काढा, मला दाखवा, मग बघू. आणि जेवून घ्या, चेहरा किती उतरलाय."

यादी काढेपर्यंत तीन वाजले असते. एरान बाहेर आली. बेक मुकादमांना फोन लावून उपयोग नव्हता, डॉकवर फोन लॉकरमध्ये ठेवावे लागत. तिने कुणाची तरी सायकल घेतली आणि समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याच्या तोंडावर पायडल मारत निघाली. गळ्यातलं लाल कार्ड फडफडून तोंडावर आपटत होतं. 'काम थांबवा' असं छापलेलं ते कार्ड कारखान्यात प्रत्येकाच्या गळ्यात असे, चहावाल्या बाईच्यासुद्धा. ते वापरलेलं मात्र कुणी पाहिलं नव्हतं. टक्कर चार नंबरची नसली तर? आठवणीत गफलत झाली असली तर? पहिल्याच दिवशी नव्या साहेबांना तोंडघशी पाडणारी बाई म्हणून नाव व्हायचं, आणि पुढच्या नेमणुकांत हेल्मेटचे पट्टे बांधायला रवानगी. तिने पायडल आणखी जोरात मारलं.

ती डेकवर पोचली तेव्हा एकला सात मिनिटं कमी होती. चार नंबरच्या टाकीच्या उघड्या झाकणाशेजारी बेक मुकादम हातमोजे चढवत होते आणि त्यांच्या माणसाने गॅसची नळी जोडली होती. एरानने गळ्यातलं कार्ड काढून झाकणाच्या कठड्याला लटकवलं. गाठ दुसऱ्या वेळी बसली.

"काय हो बाई, कपडे वाळत घालताय?" बेक मुकादम म्हणाले. त्यांची माणसं हसली.

"काम थांबवा, मुकादम. खाली रंग चालू आहे."

"परवाना आहे माझ्याकडे. तुमच्याच यादीवरून शिक्का मारलाय. टक्कर शून्य. टाळ्या वाजवल्या म्हणे तुम्ही लोकांनी!"

"यादी चुकली. माझ्यामुळे चुकली."

"सकाळी मी स्वतः गॅस मोजलाय. स्वच्छ."

"सकाळी मावशी उतरली नव्हती. आता मोजा ना एकदा. स्वच्छ निघाला तर कार्ड काढते आणि तुमची माफी मागते, सगळ्यांसमोर."

"ऑफिसातली माणसं इकडे आली की दिवस वाया," बेक पुटपुटले. पण त्यांनी मीटर काढलं, दोरीला बांधलं आणि झाकणातून खाली सोडायला घेतलं. हातभर दोरीही सुटली नव्हती, तोच ते केकाटायला लागलं.

कुणी हसलं नाही. बेक मुकादम वळले, सिलिंडरचा कॉक आवळून बंद केला आणि परत एकदा आवळला. मग गळ्यातलं आपलं कार्ड काढून त्यांनी एरानच्या कार्डाशेजारी अडकवलं.

शिडीवरून माल्जा मावशी वर आली. बासष्ट वर्षांची, मास्क कपाळावर सरकवलेला, भुवया निळ्या झालेल्या. "कोण बोंबलतंय इथे? रंगाचा वास तरी कसा येत नाही तुम्हाला?" तिने खालच्या बायकांना हाक मारली. एकामागून एक तिघी वर आल्या आणि डेकवर बसून डोळे चोळू लागल्या. मावशीने आधी दोन कार्डं पाहिली, मग नळी, मग एरानचा चेहरा. ती सगळं समजली.

"जेवलीस का गं, पोरी?" तिने विचारलं.

"नाही, मावशी," एवढंच म्हणून एरान रडायला लागली. रडताना तिला लाज वाटली नाही.

दुपारभर बसून तिने शनिवारची प्रत जुन्या शाखेत उघडली. कोड एकेक करून प्रोजेक्टचे स्वतःचे केले आणि मगच प्रोजेक्ट हलवला. या वेळी सूचना तिने शेवटच्या शब्दापर्यंत वाचली. रकाने भरलेले राहिले. लाल-निळे पट्टेही तिने परत लावले, कुणाला न विचारता.

मंगळवारच्या बैठकीत ती उभी राहिली आणि कालची चूक तिने सगळ्यांसमोर सांगितली, आपण अर्धवट वाचून 'होय' दाबलं, हेसुद्धा. बोंग साहेब जॅकेटची चेन वर-खाली करत ऐकत होते.

"आता कुठे आहेत ते कोड?" त्यांनी विचारलं.

"प्रोजेक्टच्या आत. साहेब कितीही बदलले तरी सोबत राहतील."

मागून कुणीतरी खोकलं. बोंग साहेब उठले, फळ्यावरचं कालचं शून्य त्यांनी स्वतःच्या इस्त्रीच्या बाहीने पुसलं आणि खडू हातात घेतला.

"आज किती?"

"सात."

त्यांनी सात लिहिले. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. "पहिलंच माझं काम ढकलणार असाल तर आत्ताच सांगतो, जमणार नाही," यादीत नाव आलं म्हणून बोलावलेले बेक मुकादम ओरडले. त्याच यादीतली माल्जा मावशी त्यांच्यावर ओरडली आणि भांडण जुंपलं. कालपासून पहिल्यांदा एरानला सपाटून भूक लागली.