हिरव्या पुड्यांचा पहारा

बाबांना गाता येत नाही, हे आमच्या गल्लीतल्या कुत्र्यांनाही माहीत आहे. तरी आईच्या वाढदिवशी ते गाणार होते, आणि ते गाणं तिसऱ्या मजल्यावर तिच्या खोलीत पोचवायचं काम माझ्या गळ्यात पडलं होतं.

त्याचं असं झालं, की बाजारातून येताना स्कूटर घसरली आणि मागे बसलेल्या आईचा पाय मोडला. स्कूटर बाबा चालवत होते. ओल्या रस्त्याला, खड्ड्याला, पुढच्या टेम्पोला, सगळ्यांना दोष देऊन झाला, पण 'माझं चुकलं' एवढं काही त्यांच्या तोंडून निघेना. आमचं ताइनान शहरातलं घर म्हणजे एकावर एक ठेवलेल्या खोल्या. आई तेव्हापासून वर अडकलेली, आणि खाली दर रविवारी शेजारच्या काओ काकांच्या मंडळींची गाण्याची बैठक. त्या बैठकीत सगळ्यांत गोड गळा आईचाच. म्हणून बाबांनी बिनतारी स्पीकर आणले. मुख्य पेटी खाली टीव्हीजवळ, एक स्पीकर वर तिच्या उशाशी. शिवाय सकाळी फिरायला जायच्या निमित्तानं तळ्याकाठी बसून एक बंदरावरचं जुनं गाणं घोटलं. लग्नाआधी आई ते गायची.

"वर जाऊन समोरच गा ना," मी म्हटलं.

"तिच्या तोंडावर? वेड लागलंय का तुला, शिन-यू?"

ताकाला जाऊन भांडं लपवायचं, तशातली ही गत.

वाढदिवसाच्या दुपारी स्वयंपाकघरात डुकराच्या पायांबरोबर दीर्घायुष्यासाठीच्या लांब शेवया शिजत होत्या. काओ काका माइक घेऊन हजर होते. आणि नेमका आवाज तुटायला लागला.

"नुसतं 'खर्र' येतंय," वरून आईचा फोन. "कोण मेलं का खाली?"

मी पेटी बंद करून चालू केली. फोनमधून स्पीकर काढून टाकून पुन्हा जोडला. वायफायचं चॅनल बदललं. मायक्रोवेव्हला हात लावायला सगळ्यांना बंदी केली. काओ काकांच्या फोनचं ब्लूटूथ बंद करायला लावलं, तर ते रुसले. दर वेळी घटकाभर बरं चालायचं, की पुन्हा खर्र. माझ्या नाकी नऊ आले.

बाबांचं औषध वेगळं होतं. त्यांची सगळी नोकरी कारखान्याच्या मशिनरूममध्ये गेली. तिथे प्रत्येक यंत्रावर नारळाच्या चवीच्या मक्याच्या खाऊचा हिरवा पुडा असायचा. त्या खाऊच्या नावाचा अर्थच 'शहाण्यासारखं वाग', म्हणून तो जवळ असला की यंत्र गुणी लेकरासारखं वागतं, हे आमच्याकडे मोठमोठे इंजिनियरही मानतात. पुडा हिरवाच हवा, कारण लाल-पिवळा म्हणजे धोक्याचा दिवा. तारीख उलटलेला चालत नाही. आणि खायचा तर अजिबात नाही.

सुरुवातीला पेटीजवळ एकच पुडा होता. आवाज तुटला तसा दुसरा आला, मग तिसरा. आता चारी बाजूंना पुडे उभे होते आणि डोक्यावर एक आडवा. वर आईच्या स्पीकरलाही असाच तट बांधलेला.

"बाबा, अजून किती?"

"ऐकत नाहीये, म्हणजे कमी पडतायत."

"त्साय, गाणार कोण आहे?" काओ काका बाबांना म्हणाले. "तू, की पुडे?"

तेवढ्यात फोन वाजला. मी तो सगळ्यांना ऐकू जाईल असा ठेवला.

"आलं!" आई ओरडली. "काओचा टोमणासुद्धा आला!"

"तू काय केलंस?" मी विचारलं.

"मी काय करणार बाई, पाय प्लास्टरात."

फोनमधून कुडुम कुडुम आवाज येत होता.

"आई, काय खातेयस?"

जरा वेळ कुडुमकुडुम थांबलं. "भूक लागली होती. तुमच्या शेवया कधी येणार, देव जाणे. दोन पुडे संपवले."

"खाल्ले?" बाबांनी डोक्याला हात लावला. "खाल्ले!"

मी धावत वर गेले. पलंगावर फाडलेले पुडे पडले होते, आतून आरशासारखे चकचकीत. उरलेल्यांतले दोन मी स्पीकरला चिकटवून पाहिले. खर्र. काढले, की स्वच्छ. कुंपणानंच शेत खाल्लं होतं.

खाली येऊन मी ते बाबांना दाखवलं. "आत हे चंदेरी अस्तर आहे. बिनतारी लहर त्यातून जात नाही."

"कारखान्यात कधी काही झालं नाही."

"तिथे तारा होत्या, बाबा."

बाबा पेटीसमोर बराच वेळ उभे राहिले. मला वाटलं, आता गाणं-बिणं राहिलं, माइक ठेवून देतील. पण त्यांनी एकेक पुडा दोन्ही हातांनी उचलला, जरा मान झुकवली आणि लांब जेवणाच्या टेबलावर नेऊन ठेवला.

मग ते गायले. भयंकर गायले. दुसऱ्या कडव्यात तर बोट बंदरातून निघून भलतीकडेच गेली. पण ते डोळे मिटून शेवटपर्यंत गायले, आणि काओ काका एकदाही हसले नाहीत.

फोन अजून चालूच होता. बाबांनी मला खूण केली, विचार म्हणून.

"आई, पोचलं का?"

"सगळं पोचलं." तिनं नाक ओढलं. "दुसऱ्या कडव्यात माती खाल्ली. आणि त्या गाण्यात माफी कुठेच नाहीये, मला तोंडपाठ आहे ते. म्हाताऱ्याला म्हणावं, राहिलेलं वर येऊन सांग."

बाबांचे कान लाल झाले. त्यांनी शेवयांचा वाडगा उचलला, जिन्यापर्यंत गेले आणि परत आले. टेबलावरचा एक हिरवा पुडा घेऊन त्याची तारीख वाचली, शर्टाच्या आत छातीशी खुपसला आणि जिने चढायला लागले.