पसंतीक्रम पहिला

मकसूदभाईंनी त्या कॉलेजचं नाव नाही म्हटलं तरी दहा हजार वेळा छापलं असेल. कसबा पेठेत त्यांचं बाइंडिंगचं दुकान. पुण्यातल्या त्या सर्वांत नामांकित कॉलेजची पोरं प्रबंध बांधायला तिथेच येत, आणि काळ्या कव्हरावर कॉलेजचं नाव सोनेरी अक्षरांत मकसूदभाई उठवून देत. स्वतः ते आत गेले होते एकदाच, गठ्ठे पोचवायला, तेही मागच्या दाराने.

त्यांची मुलगी नजमा दहावीला चौऱ्याण्णव टक्के घेऊन बसली. तिला अकरावीसाठी हवं होतं मंडईमागचं छोटं कॉलेज, ज्याचं नाव घेतलं की लोक "अस्सं?" म्हणतात आणि विषय बदलतात. नजमा बोलताना अडखळते. तिथे चौकशीला गेली तेव्हा जीवशास्त्राच्या उल्का मॅडमनी तिचा प्रश्न संपेपर्यंत वाट पाहिली, मधे एक शब्द घातला नाही, आणि मग उत्तर दिलं. नजमाचं तिथेच ठरलं.

ऑनलाइन फॉर्म भरताना मकसूदभाई म्हणाले, "पहिल्या नंबरावर मोठं कॉलेज टाकू. मिळणार थोडंच आहे? पण भरलं होतं असं चारचौघांत सांगता तरी येईल."

"अहो, पहिला पसंतीक्रम लागला तर घ्यावाच लागतो," त्यांची बायको शकीला म्हणाली. "नाही घेतला, तर शेवटच्या फेरीपर्यंत बाहेर. लिहिलंय इथे."

"लिहिलेलं बरंच असतं," आयुष्यभर पुस्तकं बांधलेला माणूस म्हणाला.

आणि लागलं की हो!

शेजारचे दादामियाँ पेढे घेऊन आले. मकसूदभाईंचे पाय जमिनीला लागेनात. नजमाने तीन वेळा अडखळत सांगितलं, "अब्बा, मला तिथे नको." ते म्हणाले, "होईल सवय." हे बोलणं त्यांचं त्यांनाच आवडलं नाही, पण बोलून झालं होतं.

दुसऱ्या दिवशी बापलेक प्रवेशाच्या खिडकीशी उभी राहिली, या खेपेला पुढच्या दाराने येऊन.

"नाव?" कारकुनाने विचारलं.

"न... न..."

"नेहा? नम्रता? लवकर बोल गं, मागे रांग आहे."

मकसूदभाईंनी नाव सांगायला तोंड उघडलं. ती बोलायला लागल्यापासून ते हेच करत आले होते, दवाखान्यात, शाळेत, पाहुण्यांसमोर. त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली. त्यांनी तोंड मिटलं.

"नजमा," ती म्हणाली. मग सावकाश म्हणाली, "मला प्र... प्रवेश नको."

कारकुनाने बापाकडे पाहिलं. "काय म्हणतेय ही?"

"ऐकलंत ते."

"अहो, लोक नवस बोलतात या सीटसाठी! मागाहून रडत येऊ नका."

"नाही येणार," मकसूदभाई म्हणाले. बाहेर आल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "आणि तिथे शेवटी जागाच उरली नाही तर?"

"उरेल, अब्बा. तिथे कु... कुणी जातच नाही."

शेवटच्या फेरीला महिना लागला. महिनाभर मकसूदभाईंनी नीट कव्हर चिकटवलं नाही. नजमाला मंडईमागचं कॉलेज लागलं, तेव्हा तिथे अजून एकवीस जागा रिकाम्या होत्या.

पहिल्या दिवशी कॉलेजातून आल्यावर ती जेवताना पाऊण तास बोलली. डाळ थंडगार झाली. कुणीही उठलं नाही.